कवटीकडे कोणीच पाहत नाही

फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बेच्या ‘ओर्नांमधील दफन’ या चित्रावर लिहिणाऱ्यांची एक मळलेली वाट आहे. खड्ड्याच्या काठावर कवटी दिसते, म्हणजे देहाची नश्वरता. पुढे पांढरा कुत्रा उभा आहे, म्हणजे निष्ठा. उंच धरलेला क्रूस म्हणजे मोक्षाची आशा, लाल झग्यांतले लाल नाकांचे सेवक म्हणजे चर्चचा पोकळपणा, आणि जुन्या काळचा पोशाख केलेले दोन म्हातारे म्हणजे १७९३ ची क्रांती. एवढी बेरीज झाली की उत्तर हातात येते: इथे पुरले जात आहे ते १८४८ चे प्रजासत्ताक, किंवा रोमँटिसिझम, किंवा ख्रिस्ती श्रद्धा. शेवटी कशाचे नाव घ्यायचे ते ज्याच्या त्याच्या मतावर. माझा आक्षेप या तीन उत्तरांपैकी एखाद्यावर नाही, बेरजेच्या रीतीवर आहे. या रीतीने पाच-सहा वस्तूंचा अर्थ लागतो आणि चित्रातली जवळजवळ पन्नास माणसे हिशेबाबाहेर राहतात. शोकाच्या प्रसंगाचे चित्र वाचताना ज्याने माणसे वगळली त्याने शोकच वगळला. या चित्राचा भाव त्या माणसांच्या उभे राहण्यात, एकमेकांना खेटण्यात आणि सगळ्यात जास्त त्यांच्या नजरांमध्ये आहे. प्रतीके तिथे आहेत, हे कोण नाकारील? पण ती कोणाच्या हातात आहेत आणि त्यांच्याकडे कोण पाहते आहे, हे विचारल्याशिवाय त्यांचा अर्थ सांगणे म्हणजे चित्राकडे पाठ करून बोलणे आहे.

आधी चित्र नीट पाहू. कॅनव्हास साडेसहा मीटरांहून लांब आणि तीन मीटरांहून थोडा उंच. आज तो पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. माणसे खऱ्या माणसाच्या मापाची. फ्रान्सच्या पूर्वेकडल्या ओर्नां या लहानशा गावी, कूर्बेच्या जन्मगावी, गावाबाहेरच्या दफनभूमीत लोक जमले आहेत. मागे चुनखडीच्या कड्यांची सपाट, आडवी रेघ आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांच्या डोक्यांवर झाकणासारखी बसली आहे. त्या रेघेच्या वर राखाडी आकाशात एकटा क्रूस गेला आहे. डावीकडून शवपेटी येते. तिच्यावर पांढरी चादर आहे आणि त्या चादरीवर काळ्या रंगात आडवी-उभी हाडे काढलेली आहेत. रुंद काठाच्या काळ्या टोप्या घातलेल्या खांदेकऱ्यांनी ती पेटी पट्ट्यांनी पेलली आहे. मग पाद्री, त्याच्या हाताखालची पोरे, क्रूस धरणारा, लाल झगेवाले. मध्यभागी गावातले पुरुष. उजवीकडे काळ्या कपड्यांतल्या बायका, कोणाच्या डोक्यावर पांढरी टोपी, कोणाच्या तोंडावर रुमाल. पुरुष आणि बायका वेगळ्या उभ्या आहेत, तो गावचा रिवाज. या सगळ्यांच्या पुढे, अगदी तळाशी, खणलेला खड्डा आहे, आणि चौकटीच्या खालच्या कडेने तो कापला गेला आहे. म्हणजे खड्ड्याची अलीकडची बाजू आपल्याकडे येते. चित्रापुढे उभा राहिलेला माणूस त्या खड्ड्याच्या काठावर असतो, किंवा थोडे पुढे झुकला तर आतच.

आता नजरा. पाद्री पुस्तकात पाहतो आहे. ते त्याचे काम आहे आणि हे वाचन त्याने यापूर्वी पुष्कळदा केले असणार. त्याच्या पोरांपैकी एक मान वर करून मोठ्या माणसाकडे बघतो आहे, जसे कंटाळलेले पोर बघते. खांदेकऱ्यांनी पेटीकडून तोंडे फिरवली आहेत. वासामुळे, असे काही जण म्हणतात, आणि तसे असेलही. क्रूस धरणारा सरळ आपल्याकडे पाहतो. खड्डा खणणारा एक गुडघा टेकून बसला आहे, त्याचे काम झाले आहे आणि पुढचे व्हायचे आहे, म्हणून तो वर, पाद्र्याच्या दिशेने पाहत थांबला आहे. दोन म्हाताऱ्यांपैकी एकाचा हात खड्ड्याच्या दिशेने पुढे आलेला आहे. बायका रुमालाआड आहेत किंवा माना वळवून आहेत. कुत्र्याला भलत्याच दिशेला काहीतरी अधिक महत्त्वाचे दिसले आहे. इतक्या माणसांत खड्ड्यात डोकावणारा माणूस शोधून सापडत नाही. कोणत्याही मयताला गेलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटू नये. मेलेल्याबद्दलचे दुःख सगळ्यांना सारखे नसते, एकाच क्षणी नसते आणि एकाच दिशेने तर कधीच नसते. जवळचे रडतात, बाकीचे थांबतात. कूर्बेने हे थांबणे रंगवले, आणि रडणेही त्याच मापाने, त्याच ओळीत, त्याच काळ्या रंगात रंगवले. चित्राचा भाव म्हणतात तो मला इथे सापडतो: शोक गावभर असमान वाटला गेलेला आहे आणि तरी सगळे गाव एका जागी उभे आहे.

यावर पहिला आक्षेप कवटीवरूनच येईल, आणि तो हलका नाही. ओर्नांची ही दफनभूमी त्या वेळी नवी होती. ती १८४८ मध्ये वापरात आली. कूर्बेच्या आजोळच्या नात्यातला एक वृद्ध तिथे पहिल्यांदा पुरला गेला आणि चित्रातला मृत तोच असावा, असा अभ्यासकांचा एक अंदाज आहे. मग नव्या जमिनीत पहिलाच खड्डा खणताना जुनी कवटी वर येईल कशी? ती चित्रकाराने मुद्दाम ठेवली, हे उघड आहे. शिवाय ख्रिस्ती चित्रपरंपरेत क्रूसाच्या पायाशी आदमची कवटी दाखवायची जुनी चाल आहे, आणि इथे क्रूस आहे, कवटीही आहे. एवढा पुरावा असताना प्रतीक नाही कसे म्हणता? मी तसे म्हणत नाही. कवटी प्रतीक आहे आणि कूर्बेने ती जाणूनबुजून ठेवली, हे मला पूर्ण मान्य आहे. मला पुढचे विचारायचे आहे: ठेवल्यावर त्याने तिचे काय केले? जुन्या चित्रांत संत कवटीवर हात ठेवून ध्यान करतो, तिच्याकडे एकटक पाहतो. चित्रातला माणूस प्रतीक वाचतो आणि आपण त्याच्या मागून वाचतो. ओर्नांच्या खड्ड्याच्या काठावर कवटी मातीच्या ढेकळांत पडली आहे आणि जमलेल्यांपैकी एकालाही तिच्याशी कर्तव्य नाही. क्रूसाचेही तेच: तो धरणारा त्याच्याकडे पाहत नाही, त्याच्यासाठी ते हातातले ओझे आहे. चादरीवरची हाडेसुद्धा अंत्यविधीच्या नेहमीच्या सरंजामातली; आज या पेटीवर, उद्या दुसऱ्या. मरणाच्या अर्थाची सगळी अधिकृत चिन्हे तिथे हजर आहेत आणि त्यांच्याशिवायच लोकांचा शोक चालला आहे. हे कूर्बेचे विधान आहे, आणि कवटी म्हणजे नश्वरता असे लिहून पुढे जाणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही, कारण त्याने कवटीकडे पाहिले आणि तिच्याकडे न पाहणाऱ्यांकडे पाहिलेच नाही.

फरक किती मोठा आहे हे दोन जुन्या चित्रांवरून कळेल. इटलीत पादुआच्या स्क्रोवेन्यी प्रार्थनागृहात जोत्तोने १३०५ च्या सुमारास रंगवलेला ख्रिस्तशोक पाहा. खडकाची तिरपी कड वरून खाली उतरते ती थेट ख्रिस्ताच्या आणि त्याच्या आईच्या चेहऱ्यांवर. वर एक निष्पर्ण झाड. आकाशात देवदूत तोंडे वेडीवाकडी करून आक्रोश करताहेत. तिथे दगडसुद्धा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. दुसरे, एल ग्रेकोचे ‘काउंट ऑर्गाथचे दफन’, १५८६ ते १५८८ मधले, तोलेदोच्या सांतो तोमे चर्चमध्ये. खाली गावातली प्रतिष्ठित माणसे ओळीने उभी आहेत, कूर्बेच्या माणसांसारखीच. पण वर अख्खा स्वर्ग उघडलेला आहे आणि मृताचा आत्मा तिथे निघाला आहे. त्या चित्रांत प्रतीकांची बेरीज करणे योग्यच, कारण चित्रकाराने स्वतःच ती बेरीज मांडून ठेवली आहे. ओर्नांमध्ये वर स्वर्ग नाही, कडा आहे. तिरपी रेघ नाही, आडवी आहे. जोत्तोला लावायची ती किल्ली इथे लावून कुलूप उघडले असे सांगणारे लोक दाराच्या चौकटीलाच दार समजले आहेत.

दुसरा आक्षेप चित्रकलेच्या जाणकारांकडून येतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक विचार करण्याजोगा वाटतो. तो असा: ज्याला तुम्ही नजरांची रचना म्हणता ती मुळात रचनाच नाही. कूर्बेने हे चित्र ओर्नांमधल्या अडचणीच्या खोलीत काढले, एवढ्या लांब कॅनव्हासपासून मागे सरून तो पाहताही येत नव्हता. गावकरी एकेक करून येत, उभे राहत आणि जात. प्रत्येक जण वेगळ्या वेळी उभा राहिला म्हणून प्रत्येकाची नजर वेगळीकडे गेली. ही अडचण आहे, तिला आशय समजू नका. चित्रकार दलाक्रवाने १८५५ मध्ये आपल्या रोजनिशीत या चित्राबद्दल साधारण हीच तक्रार केली आहे: माणसे एकमेकांवर चढली आहेत, मांडणी जमलेली नाही. (त्याच ठिकाणी त्याने पाद्री, पोरे, पवित्र पाण्याचे भांडे आणि रडणाऱ्या बायका यांची मनापासून स्तुतीही केली आहे, मोठ्या चित्रकाराची नजर तक्रार करतानाही चुकत नाही.) पण अडचणीच्या या सिद्धान्तात एक खोच आहे. याच चित्राचा कोळशाने काढलेला कच्चा आराखडा बेझांसाँच्या संग्रहालयात आहे. त्यात मिरवणूक एका दिशेने चालली आहे आणि खड्डा मध्यभागी नाही. म्हणजे कॅनव्हासवर येताना कूर्बेने मुद्दाम खड्डा उचलून मधोमध, अगदी पुढे आणला आणि चालती माणसे थांबवली. सगळ्या नजरा एका जागी बांधायची याहून मोठी सोय असूच शकत नाही. ती सोय स्वतः निर्माण करून त्याने ती वापरली नाही. खोली अडचणीची होती म्हणून माना वळवता आल्या नाहीत, हे पटण्यासारखे नाही. मान कुठे वळवायची हे खोली ठरवत नाही.

आणि जे लोक दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की कूर्बेने फक्त डोळ्यांपुढचे उतरवले, त्यात अर्थ शोधूच नये, त्यांचेही माझ्या बाजूला स्वागत नाही. चित्राच्या डाव्या कडेला जो म्हातारा दिसतो तो कूर्बेचा आईकडचा आजा ऊदो, असे मानले जाते. तो १८४८ च्या ऑगस्टमध्ये वारला होता. चित्राला सुरुवात झाली १८४९ मध्ये. मेलेला माणूस दुसऱ्याच्या मयताला आला आहे. डोळ्यांपुढचे उतरवणाऱ्याच्या चित्रात असे घडत नाही. मात्र याचीही लगेच बेरीज करू नये. त्या आज्याच्या डोक्याभोवती प्रभा नाही, तो अर्धपारदर्शक नाही, बाकीच्यांपासून त्याला वेगळे काढणारी एकही खूण नाही. गावात जिवंत आणि गेलेले यांची मोजदाद जशी एकत्रच चालते, तसा तो ओळीत उभा आहे. ओळखणाऱ्याने ओळखावे.

तिसरा आक्षेप भावाचाच आहे: हे चित्र थंड आहे, किंवा त्याहून वाईट, ते टवाळी करते. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत मांडायचे तर इथे अनुभाव आहेत, रुमाल आहेत, वाकलेल्या माना आहेत. पण आलंबन विभावच गायब आहे. कोण मेला ते शीर्षक सांगत नाही, त्याचा चेहरा दिसत नाही, पेटी एका बाजूला आहे. ज्याच्यासाठी रडायचे तोच नाही, मग करुण रस परिपोषाला जाणार कसा? माझे उत्तर असे की परिपोष होत नाही हे निरीक्षण बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष चूक आहे. एका मृताचे नाव आणि चेहरा दिला असता तर प्रेक्षकाला सोपी वाट मिळाली असती: त्या माणसासाठी हळहळायचे, मन हलके करायचे आणि पुढल्या चित्राकडे जायचे. कूर्बेने ती वाट बंद केली. आलंबनाची जागा रिकाम्या खड्ड्याने घेतली आहे, आणि तो खड्डा प्रेक्षकाच्या पायाशी आहे. टवाळीच्या आरोपाचे खंडनही इथेच होते. टवाळी करणाऱ्याला उभे राहायला बाहेरची, थोडी उंचावरची जागा लागते. या चित्रात तशी जागा कुठेच ठेवलेली नाही. नजर माणसांच्याच उंचीवर आहे. लाल झगेवाल्यांच्या नाकांवर पॅरिसचे समीक्षक फार चिडले, दारुडे म्हणून त्यांची रेवडी उडवली. त्यांतला एक द्राक्षमळ्यात राबणारा आणि दुसरा जोडे शिवणारा होता. चर्चमधली सेवा हा त्यांचा जोडधंदा. ज्या जाड, ओल्या रंगाने ती नाके काढली आहेत त्याच रंगाने महापौराचा चेहरा काढला आहे आणि उजवीकडे रडणाऱ्या बायकांत उभ्या असलेल्या कूर्बेच्या आईचा आणि बहिणींचाही. ब्रशाने इथे कोणाला वर-खाली केलेले नाही. अनेकांना राग आला तो बहुधा याच गोष्टीचा. एवढे भव्य माप तोपर्यंत राजे, वीर आणि संत यांच्यासाठी राखीव होते.

पॅरिसमध्ये जाण्यापूर्वी हे चित्र १८५० मध्ये ओर्नां, बेझांसाँ आणि दिजाँ इथे दाखवले गेले. मग ३० डिसेंबर १८५० ला उघडलेल्या सालाँ या अधिकृत चित्रप्रदर्शनात ते टांगले गेले आणि कुरूपतेची पूजा म्हणून गाजले. ज्या गावातल्या माणसांनी हौसेने उभे राहून आपली चित्रे काढून घेतली, त्यांना हे विद्रूप वाटल्याचे दिसत नाही. कलेतिहासकार टी. जे. क्लार्क यांनी १९७३ मधल्या आपल्या पुस्तकात हाच धागा पकडला: पॅरिसच्या प्रेक्षकाला अस्वस्थ केले ते कुठल्या गुप्त संदेशाने नव्हे, गावातही काळे कोट घालणारा सुखवस्तू वर्ग आहे आणि शेतकरी व तो यांच्यातली सीमा पुसट आहे, हे त्याला मोठ्या मापात बघावे लागले. त्याआधी, १९४१ मध्ये, मेयर शापिरो यांनी कूर्बेच्या मांडणीचे नाते लोकांत खपणाऱ्या साध्या लाकूडठशांच्या चित्रांशी जोडले होते, जिथे माणसे अशीच ओळीने, एकाच पातळीवर उभी असतात. या दोघांनी राजकारण टाळले नाही. म्हणून प्रतीकवाले जेव्हा मला विचारतात की मग तुम्ही चित्रातले राजकारण पुसता काय, तेव्हा मी या दोघांकडे बोट दाखवतो. राजकारण आहे, पण ते मापात आहे, ओळीत आहे, कोण कोणाशेजारी उभा राहतो यात आहे. आणि प्रजासत्ताकाचे दफन म्हणाल, तर थोडा तारखांचाही मुलाहिजा ठेवावा. चित्र १८५० मध्ये पूर्ण होऊन लोकांपुढे आले. लुई नेपोलियनने सत्ता बळकावली ती २ डिसेंबर १८५१ ला. त्याआधीच प्रजासत्ताकाची प्रकृती ढासळली होती, हे खरे. पण निदान आणि अंत्यविधी यांत फरक असतो, आणि ज्यांना शेवट ठाऊक आहे त्यांनी तो चित्रकाराच्या ब्रशात घालू नये.

एवढे असूनही ही बेरीज इतकी लोकप्रिय का, याचे एक अगदी व्यावहारिक कारण मला दिसते. आपल्यापैकी बहुतेकांनी हे चित्र पुस्तकात किंवा पडद्यावर पाहिलेले असते. साडेसहा मीटरांचे चित्र वीतभर झाले की माणसांची एक काळी पट्टी उरते. चेहरे जातात, नजरा जातात, पायाशी येणारा खड्डा जातो. टिकतात त्या ठळक गोष्टी: पांढरा कुत्रा, लाल झगे, आकाशातला क्रूस, निळसर पायमोजे. मग ज्या दिसतात त्यांचाच अर्थ लावला जातो. या रीतीला लोक सखोल वाचन म्हणतात. मला ती छपाईची मर्यादा वाटते.

राहता राहिला सगळ्यात मोठा साक्षीदार, खुद्द कूर्बे. १८६१ मध्ये अँटवर्पला बोलताना ओर्नांमधले दफन हे खरे तर रोमँटिसिझमचे दफन होते असे तो म्हणाला, आणि प्रतीकवाल्यांना याहून काय हवे? पण तोवर चित्र काढून अकरा वर्षे लोटली होती. मधल्या काळात, १८५५ मध्ये, जागतिक प्रदर्शनाच्या निवड समितीने हे चित्र नाकारले होते, त्याने स्वतःच्या खर्चाने मांडव उभारून वेगळे प्रदर्शन भरवले होते, आणि वास्तववादाचा पुढारी म्हणून त्याला घोषणा लागत होत्या. ती घोषणा झकास आहे. तिच्यावर तेवढेच वजन टाकावे. त्यापेक्षा चित्र चालू असताना त्याने मित्राला लिहिलेले पत्र मला जास्त भरवशाचे वाटते. त्यात कोणकोण येऊन उभे राहिले याची यादी आहे: अगडबंब महापौर, पाद्री, न्यायाधीश, क्रूस धरणारा, नोटरी, मित्र, वडील, पाद्र्याची पोरे, खड्डा खणणारा, आपल्या काळचे कपडे घालून आलेले १७९३ चे दोन म्हातारे, एक कुत्रा, मृत आणि त्याचे खांदेकरी, आणि ते सेवक, ज्यांतल्या एकाचे नाक चेरीसारखे लाल असल्याचे तो मोठ्या खुशीत सांगतो. म्हातारे क्रांतीचे रूपक म्हणून आणलेले नाहीत, ते गावात राहत होते आणि त्यांच्याकडे ते कपडे अजून होते. कुत्र्याचे नाव मृताच्या आधी येते. रोमँटिसिझम, प्रजासत्ताक आणि श्रद्धा यांच्यापैकी कोणी येऊन उभे राहिल्याची नोंद नाही. ज्यांना या चित्रात त्या तिघांपैकी एकाची पेटी दिसते त्यांनी या यादीचे काय करायचे ते आधी सांगावे.